वाचकांची पत्रं : पोरगं कुणामुळं बरं झालं?

या वेळी तीन पत्रं निवडली आहेत. तिघांची एकमेकांशी ओळख नाही. एक सांगलीचे, एक वाईचे, एक तासगाव तालुक्यातल्या आजी. पण तिघांच्या पोटातलं दुखणं एकाच जागेचं आहे, म्हणून एकत्र घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा जाईल.

सप्रेम जय ख्रिस्त. आम्ही सांगलीत कर्नाळ रोडला राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आईला शुगर आहे, इन्सुलिन संपत आलं होतं. माझ्या सख्ख्या काकांचं घर गल्लीच्या टोकाला उंचावर, माडी कोरडी. फोन केला तर म्हणाले, "इथं माणसं फार झालीत. मी प्रार्थना करतो, प्रभू मार्ग काढील." शेवटी आम्हाला दूध घालणारे मामा गुऱ्हाळाची काहील घेऊन आले आणि आईला तीत बसवून ढकलत ढकलत रस्त्यापर्यंत नेलं. ते ख्रिस्ती नाहीत. काका आजही दर रविवारी पहिल्या बाकावर असतात. विषय काढला की म्हणतात, "तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही. १९९८ च्या उज्जीवन सभेत माझं तारण झालं, तारीख माझ्या बायबलात लिहून ठेवली आहे." विश्वास एवढाच पुरत असेल तर याकोबाचं पत्र बायबलात ठेवलंय कशाला? आणि आमच्या दूधवाल्या मामांचं काय?
– एक वाचक, सांगली

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. काहिलीची कड घट्ट धरून बसलेल्या तुमच्या आई डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आधी काकांच्या बाजूनं बोलते. ते सांगतात ते वचन खरं आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आठव्या आणि नवव्या वचनांत प्रेषित पौल म्हणतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालं. ते देवाचं दान आहे, कर्मांची कमाई नाही, म्हणून कुणी फुशारकी मारू नये. यातला एक शब्दही मी सोडणार नाही. माझे वडील जत तालुक्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. आमच्या घराच्या भिंतीवर त्यांनी हे खडूनं लिहिलेलं असायचं. पावसाळ्यात ओल धरली की अक्षरं पुसट व्हायची आणि वडील ती पुन्हा गिरवायचे. पण ते दोन वचनं लिहीत नसत, तीन लिहीत. दहावं वचन असं आहे की आपण देवाच्या हातची घडण आहोत आणि सत्कृत्यं करण्यासाठीच ख्रिस्तात आपल्याला घडवलं आहे. ती कृत्यं देवानं आधीच योजून ठेवली आहेत. "कर्मांनी नाही" आणि "सत्कृत्यांसाठी" हे दोन्ही एकाच दमात सांगितलंय. तुमच्या काकांनी मधेच श्वास घेतला आणि तिथंच थांबले.

आता याकोब. पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासानं नीतिमान ठरतो, म्हणजे देव त्याला आपला म्हणून स्वीकारतो. याकोब म्हणतो, माणूस कृतींनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासानं नव्हे. दोघं भांडताहेत असं वाटतं. पण दोघांपुढे कोण उभं आहे ते बघा. गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, काही जण नव्या विश्वासणाऱ्यांना सांगत होते, "तुम्ही यहुदी नाही, तेव्हा नुसता ख्रिस्तावर विश्वास भागायचा नाही, आधी सुंता करून घ्या, आमचं नियमशास्त्र पाळा, मग आत या." पौल त्यांच्याविरुद्ध उभा आहे. दारात उभ्या माणसाकडे तुम्ही तिकीट मागू नका, असं त्याचं म्हणणं. याकोबापुढे वेगळीच माणसं आहेत. ती आत येऊन बसलेली आहेत. सोन्याची अंगठी घातलेला कुणी आला की त्याला चांगली जागा देतात आणि मळक्या कपड्यातल्या माणसाला सांगतात, तू तिकडं उभा राहा, नाहीतर इथं खाली माझ्या पायाशी बस. आणि अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही अशा भावाला म्हणतात, सुखानं जा, ऊब घे, पोटभर खा. देत मात्र काहीच नाहीत. काकांचा तो फोन या वचनाशेजारी ठेवून पाहा. अशा विश्वासाबद्दल याकोब विचारतो, याचा लाभ काय? देव एकच आहे हे भुतंही मानतात, म्हणतो, आणि थरथर कापतात.

दोघंही दाखला अब्राहामाचाच देतात, आणि इथं वयं मोजली की गुंता सुटतो. पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घेतो: अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि देवानं ते नीतिमत्त्व म्हणून त्याच्या खाती धरलं. ही गोष्ट तो ८६ वर्षांचा होण्याआधीची. त्याची सुंता झाली तेव्हा तो ९९ वर्षांचा होता. पौलाचा सगळा जोर यावर आहे की देवानं त्याला स्वीकारलं तेव्हा सुंता झालेलीच नव्हती. याकोब घेतो बाविसावा अध्याय, इसहाकाला वेदीवर ठेवण्याचा. इसहाक झाला तेव्हा बाप १०० वर्षांचा, आणि या प्रसंगी पोरगा लाकडाचा भारा पाठीवर वाहण्याएवढा मोठा झालेला. म्हणजे दोन प्रसंगांत कितीतरी वर्षं गेली. पौल सांगतो ते नातं जुळलं त्या रात्रीचं, आणि याकोब सांगतो ते त्या नात्यानं पुढं काय करून घेतलं त्याचं.

"केवळ विश्वासानं" या शब्दांवरून पाश्चात्त्य मंडळीत जे झालं तेही थोडक्यात सांगते, कारण काकांची घोषणा तिथूनच आपल्यापर्यंत आली आहे. पौलाचं वर दिलेलं वचन रोमकरांस पत्राच्या ३:२८ मधलं; तिथं मूळ ग्रीकमध्ये "केवळ" हा शब्द नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या करारात तो घातला. अर्थ नीट उमटायचा तर तो लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. नव्या करारात "केवळ विश्वासानं" हे शब्द नीतिमान ठरण्याच्या संदर्भात एकाच ठिकाणी येतात, याकोब २:२४ मध्ये, आणि तेही "नव्हे" जोडून. लूथरला हे पत्र फार टोचलं. त्याच वर्षीच्या प्रस्तावनेत त्यानं त्याला पेंढ्याचं पत्र म्हटलं. तरी बायबलातून काढून मात्र टाकलं नाही. त्याचा राग कशावर होता हेही ध्यानात घ्या. पैसे भरा, कागद घ्या आणि मेलेल्या आईबापांची शिक्षा कमी करा, असा व्यवहार तेव्हा चालू होता आणि त्या पैशातून रोममधलं सेंट पीटरचं मंदिर उभं राहत होतं. ३१ ऑक्टोबर १५१७ चे त्याचे ९५ मुद्दे त्याविरुद्ध आहेत. मेलेल्या आईसाठी पोटाला चिमटा काढून तो कागद घेणारी बाई मला दिसते आणि मी लूथरच्या बाजूनं उभी राहते. १५४७ च्या जानेवारीत ट्रेंटच्या परिषदेनं कॅथॉलिक मंडळीचं उत्तर दिलं. त्यात "केवळ विश्वास" नाकारला, पण सुरुवात देवाच्या कृपेनंच होते, आधीच्या कुठल्याही कर्मानं ती कमावता येत नाही, हेही लिहिलं. मग साडेचारशे वर्षं दोन्हीकडचे लोक एकमेकांना नरकाची वाट दाखवत राहिले. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्ग इथं लूथरन मंडळ्यांचा जागतिक संघ आणि रोमन कॅथॉलिक मंडळी यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या कुठल्याही पात्रतेमुळं नव्हे तर केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपली मनं नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, बोलावतो. २००६ साली मेथडिस्टही त्यात आले. भाऊ, हे वाचताना मला आमच्या भिंतीवरची ती तीन वचनं आठवतात.

माझ्या स्वतःच्या डोक्यात हे सगळं नीट बसलं ते मात्र पुस्तकातून नाही. निवृत्तीनंतर मी सेरामपूरचा ख्रिस्ती धर्मशास्त्राचा बहिःस्थ अभ्यासक्रम केला, तिथं या सनावळ्या शिकले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८१ साली, मिरजेत हाडांच्या वॉर्डात मी स्टाफ नर्स होते. जतकडचा एक चौदा वर्षांचा मुलगा आला होता. उसाच्या गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. सर्जननं ऑपरेशन करून हाडात सळई घातली. आता बघा, ऑपरेशनमध्ये त्या पोराचा वाटा काय? काही नाही. त्याला भूल दिलेली होती. आत नेताना तो घाबरून अंग आखडून बसला होता, स्ट्रेचरवर घेता येईना. मी त्याच्या कानाशी म्हटलं, "अंग सैल सोड बाळा, आम्ही धरलंय." त्यानं सोडलं. त्याच्या बाजूनं झालं ते एवढंच.

आपण मराठीत विश्वास ठेवतो आणि विश्वास टाकतोही. हे दोन्ही एक नाहीत. ठेवलेली वस्तू कपाटात वर्षानुवर्षं राहू शकते, तारीख घालून. टाकण्यात आपला भार जातो. त्या पोरानं भार टाकला.

टाके काढल्यावर खरी लढाई सुरू झाली. गुडघा वाकवायचा, कुबड्या घेऊन उभं राहायचं, रोज थोडं चालायचं. तो तयारच होईना. दुखतंय म्हणून रडायचा, तोंडावर चादर ओढून घ्यायचा. ऑपरेशन झालंय ना, मग आता कशाला, असं म्हणायचा. मी त्याच्यावर ओरडले, लाडीगोडी लावली, शेंगदाण्याची चिक्की आणून दिली. तेराव्या दिवशी तो वॉर्डच्या दारापर्यंत गेला. घरी जाताना त्याच्या आईनं मला विचारलं, "बाई, पोरगं डॉक्टरामुळं बरं झालं का तुमच्या चालवण्यामुळं?"

मी म्हटलं, "डॉक्टरांमुळं."

ती म्हणाली, "मग चाललं नसतं तर?"

मला उत्तर देता आलं नाही. हाड तर जुळलंच असतं. पण पाय ताठ राहिला असता, आणि ज्याच्यासाठी ऑपरेशन केलं तेच राहून गेलं असतं. याकोब हेच विचारतो: लाभ काय? चालण्यानं हाड जुळलं, असं म्हणणारा खुळा. आणि हाड जुळलंय तर चालायचं कशाला, असं म्हणणारा आपल्या सर्जनचा अपमान करतो. कुणी हे मला ग्रीकमध्ये समजावून सांगितलं असतं तरी त्या माउलीच्या प्रश्नाइतकं कळलं नसतं.

आता तुमचे दूधवाले मामा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटचा न्याय आहे. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं. परका होतो, घरात घेतलं. ज्यांना हे सांगितलं जातं ती माणसं चकित होतात. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं, असं विचारतात. त्यांनी हिशेब ठेवलेलाच नाही. म्हणून मामांना कृतींचं बक्षीस म्हणून स्वर्ग मिळेल, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर पुन्हा तिकिटाचाच कारभार सुरू होतो. मंडळ्यांची मतं इथं एक नाहीत. १९६४ साली कॅथॉलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आपल्या प्रॉटेस्टंट पाळकांपैकी पुष्कळांना हे मान्य नाही, आणि ते कठोर मनाचे आहेत म्हणून नव्हे. ख्रिस्तावाचून कुणी पित्याकडे येत नाही या वचनाला ते घट्ट धरून आहेत. मीही ते वचन धरते. पण काहील ढकलणाऱ्या त्या हातांना बळ कुणी दिलं, हा प्रश्न मला पडतो, आणि त्याचं उत्तर ख्रिस्त सोडून दुसरं काही असेल असं मला वाटत नाही. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, असं अब्राहामानं देवाला तोंडावर विचारलं होतं. मामांना मी त्या न्यायाधीशाच्या हाती निर्धास्त सोपवते.

आणि काका? त्यांचं तारण झालेलं नाही असं माझ्याकडून वदवून घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर ते मी करणार नाही. त्या दिवशी त्यांच्या माडीवर किती माणसं होती ते तुम्ही पाहिलेलं नाही. ते घाबरले असतील. घाबरलेला माणूस वचन ढालीसारखं पुढं धरतो. पण त्यांना भेटा. मनातल्या मनात खटला चालवू नका, समोर बसून सांगा: "काका, आईला तुम्ही घरात घेतलं नाहीत, ते मला अजून लागतं." मग दहावं वचन त्यांच्याच बायबलातून वाचा. ज्या तारखेचा त्यांना आधार वाटतो त्याच पुस्तकात ते आहे.

मी हिंदू आहे, तुमचं सदर नियमित वाचतो. आमच्याकडे करावे तसे भरावे. तुमच्याकडे क्षमा मागितली की सुटका. मग चोराला मोकळं रानच की. शिवाय बाप्तिस्मा न घेतलेल्या माझ्यासारख्याला तुमच्या ख्रिस्ताजवळ जागा आहे का?
– एक वाचक, वाई

दादा, तुमचा पहिला प्रश्न पौलालाच लोकांनी विचारला होता. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो स्वतःच तो मांडतो: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं काय? आणि उत्तर देतो, कदापि नाही. जक्कय नावाचा मुख्य जकातदार होता, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी आधी उतरला. त्यानं काही परत करण्याआधी, क्षमा मागण्याआधी. मग जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं आहे. चोराला मोकळं रान मिळालं असतं तर चौपट कुणी परत केलं असतं?

हा वाद फक्त आमच्याकडचा आहे असंही समजू नका. रामानुजाचार्यांच्या वैष्णव परंपरेत पुढं वडकलै आणि तेनकलै असे दोन पंथ झाले, त्यांच्यातही हाच वाद होता. एकांचा मर्कटन्याय: माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून ठेवतं, तसं भक्तानंही धरायला हवं. दुसऱ्यांचा मार्जारन्याय: मांजरी पिल्लाला मानगुटीला तोंडात धरून नेते, पिल्लानं काही करायचं नसतं. लूथर मांजरीच्या बाजूचा, यात शंका नाही. पौल मात्र फिलिप्पैकरांस लिहिताना एकाच वाक्यात दोन्ही बोलतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्या ठायी इच्छा आणि कृती दोन्ही उत्पन्न करणारा तो देवच आहे. मला या वाक्यावर कुणाचा न्याय लागू करता येत नाही.

बाप्तिस्म्याबद्दल: मी स्वतः त्याला फार मोलाचा मानते, आणि तो कुणी कुणावर लादू नये असंही मानते. तुमच्या साताऱ्यातच १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी "देवाचा दरबार" सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत अशी त्यांची तळमळ होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये ते गेले. जागा आहे का असं तुम्ही विचारता; वाई-साताऱ्याकडच्या माणसासाठी ती शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवली आहे. तुम्ही वाचत राहा, आणि पुढचं पत्र लिहाल तेव्हा सध्या बायबलातलं कुठलं पुस्तक वाचताय तेही कळवा.

नातीच्या हातून लिहून घेतेय. वय ८१. दवाखान्यात ३४ वर्षं आया होते. पेशंटची भांडी उचलली, अंगं पुसली, मेलेल्यांना आंघोळी घातल्या. आता खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळले. देवळात जाता येत नाही, दशांश देता येत नाही, हंगामाच्या सणाला स्वयंपाकाला हात लावता येत नाही. सून माझं सगळं करते. ती माझी घाण काढते तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. देवाकडे रिकाम्या हातानं कशी जाऊ?
– एक आजी, तासगाव तालुका

मावशी, तुम्हाला मावशी म्हणते, कारण दवाखान्यात आम्ही सगळ्या आयांना मावशीच म्हणायचो. मी नवीन होते तेव्हा अशाच एका मावशींनी मला शिकवलं होतं की पडलेल्या माणसाची कूस बदलताना आधी त्याच्याशी बोलायचं आणि मग हात लावायचा. नर्सिंगच्या पुस्तकात ते होतं, पण मला आलं ते त्यांच्या हातांतून.

वर सांगलीच्या भावांना मी याकोब सांगितला. तुम्हाला मी याकोब सांगणार नाही. तो तुमच्यासाठी नाही. तुम्ही तो ३४ वर्षं जगलात. तुम्हाला पौल हवा.

मी एक गोष्ट सांगते, ती याआधी कधी लिहिली नव्हती. रात्रपाळीत ज्या पेशंटच्या उशाशी मी प्रार्थना करायची त्यांची नावं एका वहीत लिहून ठेवायची. मला वाटायचं, मी किती जणांना देवाकडे पोचवलं याचा हिशेब असावा. रिकाम्या हातानं जायला नको, तुमच्यासारखंच. एका रात्री एका म्हाताऱ्यांजवळ प्रार्थना करून मी टेबलाकडे आले आणि नाव लिहू लागले. तेवढ्यात त्यांनी पाणी मागितलं. मला ऐकू आलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको उठली आणि तिनं चमच्यानं त्यांना पाणी पाजलं. मी मान वर केली तेव्हा ती ग्लास खाली ठेवत होती. त्या बाईला कुठली वही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ती वही बंबात घातली. हात रिकामे असले म्हणजे निदान ग्लास तरी धरता येतो.

रिकाम्या हातांबद्दल म्हणाल, तर येशूनं स्वतःच्या तोंडानं "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं एकाच माणसाला सांगितलं, आणि तो शेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार होता. त्याचा बाप्तिस्मा नाही, दशांश नाही, एक दिवसाची सेवा नाही. त्याला काही करायचं झालं असतं तरी हात लाकडाला खिळलेले होते. त्यानं फक्त म्हटलं, माझी आठवण ठेव. तुमच्या अंथरुणावरून एवढं म्हणता येतं की नाही?

आणि सुनेबद्दल. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र पाय मागं घेतो. म्हणतो, तू माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. त्याला शरम वाटते, तुम्हाला वाटते तशीच. येशू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मावशी, आयुष्यभर तुम्ही टॉवेलाच्या त्या बाजूला होतात. कुणाला धुवायचं तुम्हाला येतं. धुवून घ्यायचं अजून आलेलं नाही, आणि ते शिकायला दुसरी जागा नाही. मी शेकडो पेशंट पाहिले. ज्यांना दुसऱ्याचं घेता येत नव्हतं त्यांचं मरण फार जड गेलं. उद्या सून पाणी घेऊन आली की तोंड भिंतीकडे फिरवू नका. तिच्याकडे बघा. तिचं नाव घेऊन हाक मारा. त्या एका मावशींनी मला शिकवलं ते मी तुम्हाला उलट्या बाजूनं सांगतेय: हात लावू देताना आधी तिच्याशी बोला.

नातीला म्हणावं, अक्षर सुंदर आहे. तुमच्या गावच्या पाळकसाहेबांशी मी बोलले. पहिल्या रविवारनंतरच्या मंगळवारी ते प्रभुभोजन घेऊन घरी येतील आणि त्यांच्याबरोबर मीही येणार आहे. सूनबाईंना सांगून ठेवा, त्या दुपारी तुमची कूस मी बदलीन, त्यांनी जरा पाठ टेकावी.